बाजारातला चष्मा

वैशाखरे सोडून माळशेजच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर आमचं गाव येतं. आमच्या घराच्या ओटीवर माझं शिलाई मशीन आहे, आणि त्या मशीनवर मी सत्तावीस वर्षं ब्लाउज शिवते आहे. फक्त ब्लाउज. परकर शिवत नाही, पिशव्या शिवत नाही, पडदे तर नाहीच. बाई माप द्यायला आली आणि म्हणाली, जरा सैल ठेवा, की मी विचारते, जरा म्हणजे किती? पाव इंच की अर्धा? बायका वैतागतात, पण परत माझ्याकडेच येतात. मुरबाडला चांगली चार दुकानं असताना जीपचं भाडं खर्चून इकडे येणारी गिऱ्हाइकं आहेत माझी. त्याचा मला गर्व होता आणि अजूनही आहे. तो लपवण्यात अर्थ नाही.

चाळिशी मला जवळजवळ पन्नाशीला लागली. आधी सुईत दोरा ओवायला त्रास व्हायला लागला. मग काळ्या कापडावरची काळी शिलाई दिसेना. मी मशीन ओटीच्या अगदी कडेला, उजेडात सरकवलं. आमचे हे म्हणाले, आता अंगणातच नेऊन ठेव. मी त्यांच्याशी दोन दिवस धड बोलले नाही.

तेव्हा आमची मुलगी कल्याणला नुकतीच एका खासगी कंपनीच्या ऑफिसात लागली होती. रोजची ये-जा जमत नाही म्हणून तिथेच मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची आणि शनिवारी संध्याकाळी घरी यायची. पहिला पगार झाला तसा तिचा फोन आला, की उद्या कल्याणला ये, काम आहे. काय काम ते सांगेना. गेले, तर तिने मला थेट चष्म्याच्या दुकानात नेलं. आत एवढा गारवा की मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. काचेच्या फडताळात चष्मे मांडलेले, आणि एकेकाच्या दांडीवर बारीक सोनेरी अक्षरात कंपनीचं नाव. दुकानातल्या माणसाने यंत्रावर माझ्या डोळ्यांचा नंबर काढला आणि मोठ्या अदबीने समजावलं, की या एकाच काचेत वरून लांबचं दिसतं, मधून मधलं आणि खालून जवळचं. मध्ये रेघ नाही, त्यामुळे वय कळत नाही. मी म्हटलं, वय माझ्या गुडघ्यांना कळतं, काचेला नाही कळलं तरी चालेल. किंमत ऐकल्यावर मात्र मी हातातला चष्मा परत फडताळात ठेवला. तेवढ्यात नवं मोटरचं मशीन आलं असतं. मी लेकीचा हात धरून तिला बाहेर ओढायला लागले, तर तिने तोवर फोनवरून पैसे भरलेसुद्धा.

चष्मा तयार झाल्यावर ती स्वतः घेऊन आली. माझ्या नाकावर चढवला, दोन पावलं मागे सरकून पाहिलं आणि म्हणाली, आता कशी मोठ्या शाळेची बाई दिसतेस. त्या दिवशी मला झालेला आनंद मी आयुष्यात विसरणार नाही. माझ्या आईने मला काही दिलं ते तिच्या ऐपतीप्रमाणे, नवऱ्याने दिलं ते त्याच्या. पण आपण वाढवलेलं लेकरू पहिल्या कमाईतून आपल्याला काही घालतं, ते सुख वेगळंच. पुढचे आठ दिवस ओटीवर कोणीही आलं की चष्म्याची डबी मी अशी ठेवायची, की कंपनीचं नाव वरच्या बाजूला राहील. विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तरी सांगायचं.

आणि त्याच चष्म्याने मी कामातून उठायला लागले.

मशीनवर बसलं की मान खाली जाते आणि नजर सुईवर असते. या चष्म्यातून बघताना सुई नेमकी वरच्या भागात यायची, आणि वरचा भाग लांबचं बघायला. सुई धुरकट. मग हनुवटी वर करून, नाकाच्या शेंड्यावरून बघायचं, कोंबडं पाणी पिताना करतं तसं. दुपारपर्यंत मान आखडायची. कापायला बसले की आणखी एक गंमत. खडूने मारलेली सरळ रेघ डोकं जरा वळवलं की कडेला वाकलेली दिसायची. मी रेघ पुसून परत मारायची. परत वाकडी. दुकानात फोन केला, तर म्हणाले, सवय होईल. मी सवय करत राहिले.

तुळशीची लग्नं लागली आणि नवरीचे ब्लाउज यायला लागले. शेजारच्या गावातल्या एका नवरीचा वांगी रंगाच्या शालूतला ब्लाउज होता. असं कापड शालूलाच जोडून येतं, दुसरीकडे कुठे मिळत नाही. आणि त्याच्या उजव्या बाहीचा गोल मी चुकीचा कापला. अर्धा इंच आत. सत्तावीस वर्षांत असं झालं नव्हतं. जोडकाम करून, वर नक्षीची पट्टी लावून मी ते झाकलं आणि शिलाई घेतली नाही. नवरीच्या आईने ब्लाउज उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, असू दे. ती भांडली असती तर मी पण भांडले असते आणि मोकळी झाले असते. त्या ‘असू दे’ने मला पंधरा दिवस जेवण गेलं नाही.

आता कोणीही विचारील, की बाई, चष्म्यात काहीतरी गडबड आहे हे तुला कळलं नाही? नाही कळलं. खरं सांगते, मनात आलंसुद्धा नाही. बाजारातून स्वस्त कात्री आणली आणि ती कापेना, तर आपण कात्रीला शिव्या देतो. पण एवढ्या किमतीची, एवढ्या नावाची वस्तू आणि दिसेना, तर दोष कोणाचा? आपलाच. आपल्यासारख्यांना महागाच्या वस्तूवर संशय घ्यायचं धाडसच होत नाही. मी ठरवून टाकलं की माझी नजर गेली, हात गेला, आता मशीनवर चादर टाकायची. नवरीची कामं घेणं बंद केलं. येणाऱ्यांना म्हणायची, मुरबाडला जा.

याच काळात मुलीचं लग्न ठरलं. मुलगा शहापूरकडचा, तिच्याच ऑफिसातला, तिने स्वतः पसंत केलेला. तिने मला सांगितलं त्या दिवशी मी काही बोलले नव्हते. पुढचे चार दिवसही नाही. मुलगा आमच्या जातीतला नव्हता. मग तो घरी आला, ह्यांच्याशी शेतीचं बोलला, पत्रावळीवर मुकाट जेवला, आणि माझ्या मनातली अढी बरीच सुटली. आम्ही दोघांनी हो म्हटलं. वैशाखातली तारीख धरली. पण ते चार दिवस होऊन गेले होते, आणि लेकीच्या मनात ते कुठे जाऊन बसले होते, त्याचा मला पत्ता नव्हता.

ती लहान असल्यापासून आमच्यात एक गोष्ट न बोलता ठरलेली होती. जगातल्या सगळ्या नवरीमुलींचे ब्लाउज आई शिवते, तर तिचाही आईच शिवणार. शालू घेतल्यावर तिने फोनवर आनंदाने विचारलं, की कापड कधी आणू? माझ्या डोळ्यांपुढे ती वांगी रंगाची बाही आली. तिच्या लग्नातल्या प्रत्येक फोटोत माझी चूक कायमची राहील, एवढंच मला दिसत होतं. मी म्हटलं, कल्याणला शिवून घे, तिथे हल्ली छान छान नमुने करतात, माझं काम जुन्या पद्धतीचं. ती नुसतं बरं म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर दोन महिने तिने तो विषय काढला नाही, आणि मीही नाही. चष्म्याचं तर मी तिला सांगणंच शक्य नव्हतं. पहिल्या पगाराच्या वस्तूला नावं कशी ठेवायची?

पौषात एक दिवस वरच्या पाड्यावरची मावशी आली. ती नाक्यावर बसून वालाच्या शेंगा, कधी रानभाजी, कधी करवंदं विकते. सत्तरीच्या पुढची. तिला ब्लाउजाला दोन हूक लावून हवे होते. साधं काम, पण मला सुईत दोरा ओवता येईना. हनुवटी वर, हनुवटी खाली, दोरा ओला कर, परत ओला कर. मावशी पायरीवर बसून बघत होती. मग उठली, माझ्या हातातून सुई घेतली, कमरेच्या पिशवीतून आपला चष्मा काढला आणि एका झटक्यात दोरा ओवून सुई माझ्या हातात दिली. चष्म्याची एक दांडी मोडलेली, तिथे सुतळी बांधून कानाला अडकवायची सोय केलेली. मला इतकी लाज वाटली की मी उगाच म्हटलं, मावशी, माझे डोळे गेले.

ती म्हणाली, “डोलं नाय गेलं गो बाय. ह्यो माझा घाल नि बघ.”

मी आधी नाही म्हटलं. दुसऱ्याचा चष्मा घातला की डोळे बिघडतात, असं मला लहानपणापासून ठाऊक. त्यातून तो बाजारातला. पण तिने हात पुढे केलेलाच ठेवला. मी सुतळी कानाला अडकवली आणि मशीनकडे पाहिलं. सुईचं टोक दिसलं. सुईच्या नेढ्याच्या कडा दिसल्या. खालच्या पट्टीवर साचलेला लाल दोऱ्यांचा बारीक कचरा दिसला, जो मी कित्येक महिने पाहिला नव्हता. मान खाली घालून, आरामात, जशी आयुष्यभर बसत आले तशी बसून सगळं दिसलं. मी तिचे दोन हूक लावले आणि ती नको नको म्हणत असताना खांद्याची शिलाई उसवली होती तीही घातली. मग तिथेच मशीनवर डोकं टेकून रडले. मावशीने ब्लाउजाची घडी घातली आणि म्हणाली, की म्हशाच्या जत्रंतून आणलाय, दीडशे रुपयाला, तू पण जा.

पौष पौर्णिमेला म्हसा गावात ही जत्रा भरते. हे बैल बघायला जातात, घेत कधीच नाहीत. त्या वर्षी मीही बरोबर गेले, पिशवीत दोऱ्याचं रीळ, सुई आणि काळ्या कापडाचा तुकडा घेऊन. घोंगड्यांच्या रांगेच्या टोकाला चष्मेवाला होता. थर्माकोलच्या पाटावर चष्मे खोचलेले, काचेवर नंबराचे कागद चिकटवलेले. तो वाचायला छापील कागद द्यायला लागला. मी म्हटलं, वाचायचं नाही, शिवायचंय. माझी सुई काढून उभ्या उभ्याच दोरा ओवून बघितला. दीडच्या नंबराने जरा अंधुक, अडीचने डोकं गरगरलं, दोनने पहिल्याच झटक्यात ओवला. काळ्या कापडावर चार टाके घालून उलटून पाहिले. चष्मेवाला म्हणाला, की आजवर असं गिऱ्हाईक मिळालं नाही. ह्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

तरी मनात धाकधूक होतीच. एवढं स्वस्त, म्हणजे डोळे खराब करणार. फुकट ते पौष्टिक म्हणणारी मी नव्हे. मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात डोळे तपासतात असं कळलं, तेव्हा मावशीलाही बळेबळेच जीपमध्ये घातलं. तिचे उपकार कसे फेडावे ते मला कळत नव्हतं. निदान तिचे डोळे तरी तपासून आणू, एवढाच विचार. डॉक्टरीण तरुण होती. माझे दोन्ही चष्मे तिने तपासले, मला कामाचं विचारलं आणि समजावून सांगितलं. माझ्या दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा आहे आणि काम एकाच अंतरावरचं आहे, म्हणून मशीनवर बसायला बाजारातला चष्मा पुरेसा आहे, अपाय काही नाही. मुलीने घेतलेला चष्माही चांगलाच आहे आणि नंबरही बरोबर. चालताना, बसची पाटी बघताना, लग्नाकार्यात तो घालावा. फक्त मान खाली घालून शिवायच्या कामाचा तो नाही. मी आपली त्याच्याकडून नको ते काम करून घेत होते आणि शिक्षा स्वतःला देत होते.

मावशीच्या बाबतीत मात्र डॉक्टरिणीचा चेहरा बदलला. मावशी दर जत्रेला वाढीव नंबरचा चष्मा घेत होती, कारण दर वर्षी आधीचा पुरेना. डावा डोळा मोतीबिंदूने जवळजवळ बंद झाला होता. सुया ती ओवत होती त्या एकट्या उजव्या डोळ्याच्या जोरावर. डॉक्टरीण म्हणाली, थर्माकोलवरचा चष्मा दाखवतो, पण तपासत नाही. कोणी विचारलं की स्वस्तातलं महागाइतकं चांगलं असतं का, तर मी आजही तिचं हेच वाक्य सांगते. मावशीचं ऑपरेशन झालं, पैसा पडला नाही. पट्टी काढल्यावर ती माझ्याकडे बघून म्हणाली, की तू तर केवढी काली गो, मला वाटायचं गोरी हाय. मी तिला तरीही जेवायला थांबवलं.

दवाखान्याच्या फेऱ्या संपल्यावर मी मशीनवरची चादर काढली आणि जुन्या चिंध्यांवर आठ दिवस हात बसवला. बाहीचे गोल कापले, उसवले, परत कापले. मग लेकीला फोन केला. विचारलं, ब्लाउज शिवायला दिलास का? मला वाटलं होतं, एव्हाना शिवून आलासुद्धा असेल. ती म्हणाली, नाही अजून. दोन महिने कापड कपाटात तसंच पडलं होतं. मी म्हटलं, मग आण. ती पुन्हा नुसतं बरं म्हणाली.

शनिवारी कापड आणून दिलं. माप देताना फारसं बोलली नाही. मीही नाही, कारण त्या दिवशी नाकावर तिचा चष्मा होता आणि फितीवरचे आकडे मी अंदाजानेच वाचत होते. ती परत गेल्यावर मी शिवायला बसले. पाच दिवस लागले. अस्तर लावलं, गळ्याला गोट दिला, हूक तर असे लावले की बोटाला लागू नयेत. इतकं मन लावून मी आयुष्यात काही शिवलं नाही. एकेका टाक्याला मला मावशीची आठवण येत होती. त्या सुतळीच्या चष्म्याचे आभार कसे मानतात ते मला माहीत असतं, तर मानले असते.

पुढच्या शनिवारी ती नेहमीच्या वेळेच्या दोन तास आधीच आली. मी शेवटचं काज करत होते. मान वर केली तर ती ओटीच्या पायरीवर उभी, आणि माझ्या नाकावर म्हशाच्या जत्रेतला चष्मा. काढून लपवायला वेळच मिळाला नाही.

तिने विचारलं, हा कुठला?

मी खोटं बोलणार होते. मावशीचा आहे, दुरुस्तीला आणलाय, असं काहीतरी. पण पाच दिवस त्या चष्म्यातून तिचा ब्लाउज शिवल्यावर मला ते जमेना. म्हटलं, “तुझ्या चष्म्यातून मला शिलाई दिसत नाय गो. पयल्या दिवसापासून नाय दिसत.” मग बाकीचंही सगळं बाहेर आलं. वांगी रंगाची बाही, ते ‘असू दे’, तिच्या फोटोत माझी चूक राहील ही भीती. तुझ्या पहिल्या पगाराची वस्तू, तिला नावं कशी ठेवू, हेही सांगितलं.

मला वाटलं तिला वाईट वाटेल. तिने पिशवी खाली ठेवली आणि माझ्या समोर जमिनीवर बसली.

“आई, मला वाटलं तुला हे लग्नच नकोय,” ती म्हणाली. “म्हणून माझा ब्लाउज शिवत नायस.”

माझ्या हातातलं काज तसंच राहिलं. दोन महिने माझ्या लेकीने हे पोटात ठेवलं होतं. कल्याणच्या त्या खोलीत, कपाटात घडी करून ठेवलेल्या कापडाशेजारी. आणि मी इकडे एका चष्म्याचा मान राखत बसले होते. माझे ते गप्प राहिलेले चार दिवस तिने मोजून ठेवले होते, आणि मी नाही म्हटलेला ब्लाउज त्यांच्यात मिळवला होता.

मी तिला ब्लाउज घालायला लावला. उजव्या काखेत किंचित आवळत होता. शिलाईच्या आत राखलेला दाब सोडून पाव इंच सैल केला. पाठीवर सुरकुती नाही, बाहीचे दोन्ही गोल सारखे. तिने आरशात पाहिलं नाही, माझ्याकडेच पाहत राहिली. मी गळ्यात अडकवलेली फीत सारखी केली.

“पुढच्या शनिवारी त्याला घेऊन ये,” मी म्हटलं. “सदऱ्याचं माप घ्यायचंय. लग्नातला सदरा मी शिवणार.”

मी सत्तावीस वर्षांत ब्लाउजाशिवाय काही शिवलं नव्हतं, पुरुषाचा सदरा तर कधीच नाही. तिला ते चांगलं ठाऊक होतं. तिने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि रडायला लागली.